नखावरचं कुसळ

"अक्का, सोड ना गं, गाडी येईल," रंगा म्हणाला. मी त्याचा दंड सोडला नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. बाजरीची मळणी ऐन भरात होती आणि खळ्याखळ्यावर भुसकट उडत होतं. माझ्या ओट्यावर सकाळपासून तिघं जण डोळे चोळत येऊन गेले होते. आमचं घर पिंपळदऱ्याच्या एस.टी. थांब्याला अगदी लागून, त्यामुळे गावातून कोण कुठं चाललंय ते मला न विचारता कळायचं. धाकटा भाऊ धुतलेला शर्ट घालून, पिशवीत भाकरी बांधून माझ्या दारावरून मुकाट्याने निघालेला दिसल्यावर मी त्याला कशी जाऊ देणार होते?

"सणाच्या तोंडावर कुठं निघालास?"

"नगरला. डोळा दाखवायला. सिस्टर म्हणाली, आजच्या आज जा."

सिस्टरचं नाव ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. त्याचं कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी हौसाबाई. तेव्हा आजूबाजूच्या पाच गावांत मला हौसाअक्का म्हणून सगळे ओळखायचे, कारण डोळ्यातलं कुसळ काढावं तर मीच. हे मला आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी शिकवलं. काडेपेटीच्या काडीवर पापणी उलटी करायची, पदराचं टोक ओलं करून हळूच फिरवायचं. फारच हट्टी कुसळ असलं तर जिभेचं टोक लावायचं. पोलीस पाटलापासून शाळेच्या मास्तरांपर्यंत सगळे माझ्या ओट्यावर मान वर करून बसलेत. कोणाकडून साधा नारळसुद्धा मी कधी घेतला नाही. आणि चार दिवसांपूर्वी आरोग्य केंद्राच्या दारात, पंधरा बायांसमोर, ती कालची आलेली सिस्टर मला म्हणाली, "हौसाबाई, जिभा लावून लावून एखाद्याचा डोळा घालवाल तुम्ही." बाया फिसकन हसल्या.

"काय होतंय तुझ्या डोळ्याला?" मी रंगाला विचारलं.

"कालपासून उजव्या डोळ्यापुढं चिलटं नाचल्यासारखी दिसतात. काळी काळी. हाताने हाकलतोय तर जात नाहीत. आणि डोळा फिरवला की कडेला वीज चमकते."

"वीज?"

"वेल्डिंगची ठिणगी उडावी तशी. अंधाराच्या खोलीत गेलो की जास्त."

"टोचतंय?"

"टोचत नाही गं. तेच तर. पाणीबिणीही येत नाही."

"काल कुठं होतास?"

"सासरवाडीला, खळ्यावर."

"मग झालं तर! कुसळ आहे ते. बस खाली."

रंगा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चड्डीत मुतायचा एवढा होता. त्याला मी वाढवलं. पाचवीत असताना फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मास्तरांनी त्याला बदडून काढलं होतं. मीच तेव्हा त्याला पारनेरला नेऊन चष्मा करून आणला. जाडजूड भिंगांचा. पोरं त्याला चष्मेबहाद्दर म्हणायची आणि मी त्या पोरांना ढेकळं मारायची. पुढे तो मोटरी भरायला शिकला. विहिरीवरची मोटर जळली की आतली सगळी करपलेली तार काढायची आणि केसासारखी बारीक तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून परत भरायची. त्याच्या हातची मोटर पाच वर्षं परत जळत नाही, असं लोक सांगायचे. त्याचं पोट त्या डोळ्यांवर होतं आणि हे त्याच्याइतकंच मलाही ठाऊक होतं.

तो ओट्यावर बसला. चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्मा काढला की त्याचा चेहरा परत पाचवीतल्यासारखा दिसायचा.

मी काडी घेतली. वरची पापणी उलटली, खालची ओढली. "वर बघ. खाली बघ. नाकाकडे बघ." पदराचं टोक फिरवलं. परत एकदा फिरवलं. जिभेचं टोकही लावलं. तेवढ्यात मारुतीच्या वळणावर एस.टी.चा भोंगा वाजला.

"अक्का, आली गाडी."

"हलू नको!"

मग मी पदराचं टोक शेवटचं फिरवलं आणि अंगठ्याच्या नखावरचं बाजरीचं कुसळ त्याच्या डाव्या डोळ्यापुढं धरलं.

"हे बघ. केवढं आहे!"

त्याने चष्मा घातला, माझा अंगठा हातात धरून अगदी जवळ नेला आणि बराच वेळ बघितलं. मग हसला. "च्यायला! आणि मी घाबरून गेलो होतो. सिस्टर म्हणत होती आतलं काहीतरी असेल."

"तिला काय कळतंय? सुई टोचायचं काम तिचं."

"पण चिलटं अजून दिसतात गं."

"एवढं कुसळ दिवसभर आत रुतून होतं, त्याचा वळ नाही का उठणार? ओसरेल आठ-पंधरा दिवसांत. चोळू नकोस फक्त."

एस.टी. येऊन थांबली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "रंगाशेठ, नगर ना? चला!"

रंगा अर्धवट उठला. त्याने माझ्याकडे बघितलं. तो नेहमी असंच करायचा. बैल घेताना, पोरगी बघताना, दुकानाची जागा ठरवताना आधी माझ्याकडे बघायचा. आणि मीच कंडक्टरला हात केला. "जाऊ द्या तुम्ही! येत नाही तो. काम झालं त्याचं इथंच."

गाडी गेली. रंगाने पिशवीतली भाकरी माझ्याच ओट्यावर बसून खाल्ली, वर माझ्याकडून चहा घेतला आणि दुकानाकडे गेला. मी त्या दुपारी मुद्दाम घागर घेऊन आरोग्य केंद्राच्या नळावर गेले. सिस्टर दारात होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सिस्टर, आमच्या रंगाचं आतलं काहीतरी बाहेर काढलं बरं का मी!"

ती हसली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, "त्याला तरीपण पाठवा हो. त्याचा नंबर फार मोठा आहे. अशांच्या डोळ्याला लवकर होतं ते."

मी घागर भरली आणि घरी आले.

पुढच्या बारा दिवसांत रंगा दोनदा भेटला. दोन्ही वेळा मीच विचारलं, "कसा आहे डोळा?" तो म्हणाला, "ठिणग्या कमी झाल्या. काच तेवढी सारखी पुसावी लागते. काहीतरी सावली पडल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "दुकानात धूळ काय कमी आहे का तुझ्या?" दिवाळीच्या आधी रब्बीच्या पाण्यासाठी सगळ्यांना मोटरी हव्या होत्या. त्याला मान वर करायला सवड नव्हती.

भाऊबीजेला तो संध्याकाळी आला. अलका, त्याची बायको, माहेरी गेली होती, म्हणून एकटाच. मी पाट मांडला, रांगोळी काढली. टोपी घालून तो बसला. मी कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. त्यातला कुंकवाचा एक कण की तांदळाची कणी त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. त्याने चष्मा वर करून तो डोळा गच्च मिटला.

"आता काढतेस का कुसळ?" तो हसत म्हणाला.

"ओवाळून होऊ दे आधी," म्हणत मी तबक फिरवायला सुरुवात केली. एक वेढा झाला, दुसरा झाला.

"अक्का, दिवा विझतोय का गं सारखा?"

"कुठं विझतोय? चांगला जळतोय की."

"खाली नेलास की विझतो. वर आला की परत दिसतो."

मी तबक खाली ठेवलं. मी त्याच्या मिटलेल्या डोळ्यावर तळहात दाबला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या हनुवटीपाशी नेली.

"किती बोटं?"

"कुठायत बोटं?"

"आता?" मी हात वर नेला.

"तीन. पण वाकडी दिसतात. अक्का, खाली सगळं काळं आहे. पडदा लावल्यासारखं." त्याने माझा तळहात बाजूला सारला. "डाव्याने दिसत होतं म्हणून मला कळलंच नाही गं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही नगरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून तासाभराने बघितलं आणि चिठ्ठी लिहून म्हणाले, "इथं थांबू नका. तडक पुण्याला जा." पुण्याच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी डोक्याला दिवा बांधून रंगाचा डोळा कितीतरी वेळ तपासला. मी भिंतीला टेकून उभी होते.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय," त्या म्हणाल्या. "सुरुवात कधी झाली? चमक दिसणं, काळे ठिपके दिसणं?"

"झाले की तेरा-चौदा दिवस," रंगा म्हणाला.

"त्या वेळी पडद्याला बारीकशी चीर पडलेली असते. तेव्हाच आला असतात तर लेझरने आजूबाजूने टाके घालावेत तसं पक्कं करून दिलं असतं. बसल्या जागी, दहा-पंधरा मिनिटांत. टोचत नाही, दुखत नाही, म्हणून माणसं थांबतात. का थांबलात तुम्ही?"

"कुसळ होतं ना, बाई. डोळ्यात कुसळ गेलं होतं. ते काढलं अक्काने, म्हणून वाटलं होईल बरं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काढलंत?"

"हो."

"कुसळ होतं खरोखर?"

"होतं की," रंगाच मधे बोलला. "मी बघितलं ना. नखावर दाखवलं तिने मला."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. म्हणाल्या, "कुसळ असेलही. पण ह्याचा आणि त्याचा संबंध नाही. हे आतलं आहे." रंगाला ते पटलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "कुसळानेच चिरलं असेल आत. तू काढलंस पण उशीर झाला. माझंच चुकलं, आदल्या दिवशीच तुझ्याकडे यायला हवं होतं."

ऑपरेशन केलं. एकदा केलं, दोन महिन्यांनी परत केलं. पडदा चिकटावा म्हणून आठ-आठ दिवस पालथा झोपला बिचारा. उजवा डोळा गेला तो गेलाच. उजेड आहे का अंधार, एवढंच कळायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की दुसऱ्या डोळ्यालाही धोका आहे, सहा महिन्यांनी दाखवत राहा, आणि चमक दिसली की त्याच दिवशी निघून या. रंगा वर्षभर गेला. मग म्हणायला लागला, "एवढं चिरून त्यांनी काय दिलं मला? उलट पालथं झोपून झोपून मान गेली." एका डोळ्याने तो मोटरी भरतच होता. गावात कोणी विचारलं तर सांगायचा, "अक्काने कुसळ काढलं हो वेळेवर, आमचं नशीबच फुटकं." हे तो माझ्यासमोरही सांगायचा, मायेने. मी तेव्हा चुलीपुढून उठून आत जायची.

तीन वर्षं अशी गेली. चौथ्या वर्षी मी लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेले. सव्वा महिना राहून परत आले तर रंगा माझ्या ओट्यावर बसलेला. पिशवी नाही, काही नाही. नुसता गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला.

"आलीस का गं अक्का?"

"आले. तू असा का बसलास?"

"तुझीच वाट बघत होतो. आठ दिवस झाले, डाव्यात पण चिलटं आलीत. बघ बरं. कुसळ असणार."

माझ्या हातातलं गाठोडं खाली पडलं. "आठ दिवस! अरे, पुण्याला का नाही गेलास? काय सांगितलं होतं बाईंनी?"

"जाऊन काय करू? परत चिरतील. त्या वेळी कुसळ काढायला उशीर झाला म्हणून तसं झालं. या वेळी म्हटलं, दुसऱ्या कोणाचा हात नको लागायला. अक्का आली की काढेल."

"रंगा, ऊठ. पाटलाची जीप बघते मी."

"आधी बघ तरी!"

"काही नाही तुझ्या डोळ्यात."

"न बघताच? नीट बघ की. त्या वेळीही मला टोचत नव्हतं, आणि निघालं की नाही एवढं मोठं?"

तो मान वर करून बसला. चष्मा काढून मांडीवर ठेवला. तो असा हटून बसला की दोन बैलांनी हलणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मग मी सांगितलं.

आत्याबाईंनी मला कुसळ काढायला शिकवलं, तेव्हा आणखी एक गोष्ट शिकवली होती. कधी कधी कुसळ आपोआप निघून गेलेलं असतं, पण डोळा खरचटलेला असतो. माणसाला वाटतं अजून आत आहेच, आणि तो चोळून चोळून डोळा लाल करतो. अशा वेळी त्याला कुसळ दाखवायचं. दिसलं की मन भरतं, हात थांबतो. त्यासाठी पदराच्या गाठीत दोन-चार बाजरीची कुसळं कायम असू द्यायची. आत्याबाईंनी जन्मभर तसं केलं होतं आणि त्याने कोणाचं वाईट झालं नव्हतं. मीही शेकडो वेळा केलं होतं. पण रंगाला दाखवलं ते त्याचं मन भरावं म्हणून नाही. त्याच्या डोळ्यात काही नव्हतं हे मला पहिल्यांदा पापणी उलटली तेव्हाच दिसलं होतं. पण काही नाही म्हटलं असतं तर तो गाडीत बसून गेला असता आणि ती सिस्टर खरी ठरली असती. मला तेवढं सहन होईना.

"नव्हतं काही, रंगा," मी म्हटलं. "त्या वेळीही नव्हतं. गाठीतलं काढून दाखवलं मी तुला."

त्याने चष्मा चाचपून घातला. माझ्याकडे बघितलं, किती दिसत होतं त्याला देव जाणे. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"गाडी उभी होती गं अक्का," तो म्हणाला. "कंडक्टर हाका मारत होता."

एवढंच. मग उठला आणि म्हणाला, "बोलव जीप."

पुण्याला पोचलो तोवर पडदा मध्यापर्यंत सुटला होता. डॉक्टरीणबाईंनी हात जोडल्यासारखं करून सांगितलं की प्रयत्न करते, आशा ठेवू नका. त्यांनी केला प्रयत्न. चार महिने त्याला माणसाची आकृती दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. दुकान बंद पडलं. अलका कांद्याच्या चाळीत कामाला जायला लागली, अजून जाते. सकाळी जाताना ती रंगाला माझ्या ओट्यावर सोडते आणि संध्याकाळी घेऊन जाते. मी त्याला जेवायला वाढते, तो जेवतो. एस.टी.चा भोंगा ऐकून कुठली गाडी ते बरोबर सांगतो. त्या दिवसाबद्दल तो परत एका शब्दाने बोललेला नाही. भाऊबीजेला मी त्याला ओवाळत नाही. त्यानेच नको म्हणून सांगितलं.

कुसळ काढणं मी सोडलं होतं. पण मळणीच्या दिवसांत लोक अजून येतात, दुसरं कोणी नाही म्हणतात, हातापाया पडतात. पहिल्यांदा एक बाई अशी आली, तेव्हा रंगा ओट्याच्या कोपऱ्यातून म्हणाला, "बघ अक्का तिचं." मी बघितलं. पदर फिरवला. तर त्याने आपला तळहात पुढे केला.

"दे इकडे."

मी त्याच्या तळहातावर कुसळ ठेवलं. केसासारखी तार भरणारी ती बोटं; त्याने कुसळ चिमटीत धरलं, चोळून बघितलं. ओलं आहे का कोरडं ते बघत होता. गाठीतलं असतं तर कोरडं लागलं असतं. "ओलं आहे," तो त्या बाईला म्हणाला. "जा घरी, चोळू नको."

तेव्हापासून असंच चालू आहे. कोणी येऊन बसलं की रंगाचा हात पुढे येतो. डोळ्यात काही सापडलं नाही तर मी म्हणते, "काही नाही रे," आणि तो त्या माणसाला विचारतो, चिलटं दिसतात का, चमकतं का, एक डोळा झाकून बघितलंस का. मग म्हणतो, "दहाची गाडी आहे. आत्ताच्या आत्ता जा." मी पदराला गाठ मारायचं कधीच बंद केलंय. त्याला ते सांगितलंही आहे. तरी तो हात मागे घेत नाही.